बिग हाउसला जाताय? चेंडूकडे बघू नका

डेट्रॉइट विमानतळावरून अ‍ॅन आर्बर एरवी गाडीने अर्ध्या तासावर. मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा त्याच्या स्टेडियमवर, म्हणजे ‘बिग हाउस’मध्ये, घरचा सामना असला की हा हिशेब सोडून द्यायचा. उदाहरणार्थ शनिवार, २५ नोव्हेंबर २०२३, समोर ओहायो स्टेट विद्यापीठ, सुरुवात दुपारी बाराला, आणि दोन्ही संघ अकराच्या अकरा सामने जिंकून आलेले. स्टेडियमजवळच्या गोल्फ कोर्सवर गाडी लावता येते, पण सामना सुटल्यावर तिथून बाहेर निघता निघता अंधार पडतो. गाडी डाउनटाउनमध्ये ठेवून मेन स्ट्रीटने दक्षिणेकडे चालत गेलेलं बरं, अर्धा तास लागतो.

१९२७ साली उघडलेलं हे स्टेडियम बरंचसं जमिनीच्या पोटात आहे. त्यामुळे रस्त्यावरून ते आहे त्याहून लहान वाटतं. दारातून आत गेलं की आपण वरच्या रांगांपाशी उभे असतो आणि अख्खी वाटी पायाखाली पसरलेली असते. क्षमता १,०७,६०१. बहुतेक जागा म्हणजे धातूचे सलग बाक, त्यांवर नुसते आकडे. सप्टेंबरमध्ये टी-शर्टवर ठीक बसता येतं. नोव्हेंबरात प्रत्येकाच्या अंगात जाडजूड जॅकेट, मग तेवढ्याच जागेत माणसं मावत नाहीत. त्यात बाक बर्फासारखा गार. बसायला फोमची गादी हवीच, आणि एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर चांगले. मोठी पिशवी नेऊ नये, दारावरून परत फिरवतात. खेळ ६० मिनिटांचा, पण सगळं उरकायला साडेतीन तास धरा.

पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर चेंडूमागे धावते आणि खरा खेळ निसटतो. चार डावांत, म्हणजे चार प्रयत्नांत, चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा असतो. तो जातो की नाही हे पुढच्या फळीतले पाच धिप्पाड गडी ठरवतात. त्यांचं पहिलं पाऊल बघा. पाचही जण पुढे झेपावले तर चेंडू घेऊन धाव येणार, मागे सरकले तर बहुधा पास, म्हणजे चेंडू पुढे फेकणार. ओहायो स्टेटच्या सामन्याआधी दोनच आठवडे, पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर मिशिगनने शेवटचे सलग ३२ डाव नुसते धावून काढले आणि २४–१५ असा सामना मारला. समोरचे कडेचे बचावपटू पास टाकणाऱ्यावर झडप घालण्यात पटाईत होते, म्हणून त्यांना ती संधीच द्यायची नाही, असा तो बेत. बघायला रटाळ म्हणतात लोक. मला तर तो हंगामातला सगळ्यात देखणा उत्तरार्ध वाटतो.

ओहायो स्टेटविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस १७–१७ बरोबरी होती. मिशिगनच्या पुढच्या फळीतला उजवा गार्ड झॅक झिंटर पाय मोडून पडला. लाखभर माणसं गप्प. त्याला गाडीवरून बाहेर नेलं आणि लगेच पुढच्याच डावात मिशिगनचाच ब्लेक कोरम चेंडू घेऊन २२ यार्ड धावत थेट टचडाउनला, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पोहोचला. मग त्याने बोटांनी सहा आणि पाच दाखवले. ६५, झिंटरचा नंबर.

अखेर मिशिगनने सामना ३०–२४ असा जिंकला. शेवटच्या मिनिटात मिशिगनच्या रॉड मूरने ओहायोचा पास हवेतच पळवला, तेव्हा कुठे गॅलरीचा श्वास सुटला. मिशिगनने पुढे हंगामातले पंधराच्या पंधरा सामने जिंकले आणि ८ जानेवारी २०२४ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४–१३ हरवून तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

सामना संपला की लगेच उठू नका. बँड वाजत असतो, आणि दारांपाशी तशीही अर्धा तास हलायला जागा नसते.