किती घेता?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका मशिन शॉपमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे. शिरोलीच्या फौंड्रीतनं कास्टिंग येतं, आमच्याकडं मशिनिंग होतं आणि शेवटी जॉब माझ्या टेबलावर येतो. वीस मायक्रॉन इकडं-तिकडं झालं की रिजेक्ट. नवीन पोरगं आलं की मी पहिल्या दिवशी त्याला एकच गोष्ट सांगतो, माप घ्यायचं तर खरं घे, नाहीतर व्हर्निअरला हात लावू नकोस.

आणि व्यसनमुक्ती केंद्रात ॲडमिट होताना डॉक्टरांनी विचारलं, "किती घेता?" तेव्हा मी म्हणालो, "एखादी क्वार्टर. तीपण रोज नाही."

खरा आकडा तीन क्वार्टर होता. रोज. त्यातली अर्धी सकाळी सातला, कारण ती पोटात गेल्याशिवाय मायक्रोमीटर हातात स्थिर राहत नव्हता.

बायको शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि गप्प राहिली. आमच्या घरात हे गप्प राहणं सात-आठ वर्षं चाललं होतं.

ॲडमिट व्हायची ही माझी दुसरी वेळ. पहिल्यांदा थोरल्या भावानं दोन माणसं आणि एक जीप आणून मला झोपेतनंच उचलून नेलं होतं. केंद्राचं नाव घेत नाही, जिल्हाही वेगळा होता. तिथं तीन महिने ठेवलं. डॉक्टर मी पाहिला नाही. अंग थरथरायला लागलं की गार पाण्याची बादली, आणि उलट बोललं की दोन ठेवून द्यायचे. सुटलो त्या दिवशी स्टँडवर उतरलो, समोरच्या बारमध्ये गेलो आणि मगच घर गाठलं. भावाला मी दोष देत नाही. त्याला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. पण कुणाला दाखल करायचं असेल तर दारातच विचारा, केंद्राची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, रात्री नर्स असते का. उत्तर द्यायला का-कू झाली तर तसंच मागं फिरा.

यावेळी मी माझ्या सहीनं आत गेलो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्ण स्वतःहून दाखल होऊ शकतो, तशी तरतूदच आहे. त्याची परिस्थिती तशी नसेल तर त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं, पण त्याआधी तज्ज्ञांनी तपासावं लागतं, आणि तेही सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच. जीप घालून उचलून न्यायचं त्यात कुठंच नाही. हे मला आत गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर भावाशी चार वर्षं अबोला झाला नसता.

तर, मापाचं. दारू अचानक बंद केली की शरीर सूड घेतं. ते सौम्य करायला झोपेच्या गोळ्यांच्या जातीतलं औषध देतात आणि रोज थोडं-थोडं कमी करतात. किती द्यायचं हे तुम्ही किती पीत होता यावरनं ठरवायला सुरुवात करतात. मी एक क्वार्टर सांगितली, डोस त्या मापानं बसला. शेवटचा घोट मंगळवारी रात्रीचा. बुधवारी हात थरथरले, घाम आला, मळमळलं. मी म्हटलं, एवढंच होय! गुरुवारी रात्री मला चादरीवर लोखंडाचा कीस दिसायला लागला. लेथवरनं निघतो ना, तसला बारीक, चकचकीत, वळलेला. मी तो एक-एक वेचून डाव्या तळहातावर ठेवत होतो. सिस्टर म्हणाल्या, "काय शोधताय?" मी त्यांना म्हणालो, "हात लावू नका, कापंल."

त्या तशाच पळत गेल्या. डॉक्टरांनी रात्री दोन वाजता बायकोला फोन केला. तिनं काय सांगितलं ते मला नंतर कळलं, "तीन क्वार्टर, डॉक्टर. हे खोटं बोललेत, आणि मीपण गप्प बसले."

डोस वाढवला, सलाइन लागली. साखरेच्या सलाइनआधी थायमिनचं इंजेक्शन दिलं. ते जीवनसत्त्व बी-१. पिणाऱ्याच्या अंगात त्याचा दुष्काळ असतो, आणि ते न देता नुसती साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. पुढचे दोन दिवस माझ्या आठवणीत नाहीत. शुद्धीवर आलो तेव्हा मनगटावर पट्ट्याचे वळ होते आणि पायाशी बायको बसल्या-बसल्या झोपली होती. दारू एका झटक्यात सोडायची ती घरच्या घरी नाही, एवढं या अनुभवातनं मी कुणालाही सांगेन. रोज पिणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते, आणि माझ्यासारखी अवस्था झाली तर माणूस जातोसुद्धा. "देवाची शपथ घेतली, आजपासनं बंद" म्हणून घरात कोंडून घेणारे आमच्या गल्लीत दोघं होते. त्यातला एक आता नाही.

आठव्या दिवशी समुपदेशक मॅडम भेटल्या. पस्तिशीच्या, बोलणं अगदी मऊ. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्यापुढं सरकवला. "दादा, तुम्ही मापाचे माणूस. एकशेऐंशी मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल. वजन काढा." मिलीचे ग्रॅम करायला ०.७९ नं गुणायचं. एका क्वार्टरला साठ ग्रॅमच्या वर येतं. तीन क्वार्टरचे एकशेऐंशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात दहा ग्रॅम म्हणजे एक ड्रिंक. अठरा ड्रिंक, रोज. माझ्या हातानं काढलेला आकडा मी बराच वेळ बघत बसलो. मी माझ्या डोक्यात 'रोज थोडी घेणारा' होतो. डिस्चार्ज कार्डावर एफ १०.२ असा कोड आला, म्हणजे दारूवरचं अवलंबित्व. बायको म्हणाली, "आजाराला नंबर असतोय व्हय?" तिला त्या नंबरानं बरं वाटलं, हे मला उशिरा कळलं. नंबर आहे म्हणजे आजार आहे, नवऱ्याचा नुसता माज नाही.

तिथला दिनक्रम सांगण्यासारखा नाही. पहाटे उठणं, योगासनं, झाडलोट, पोहे, गटचर्चा, जेवण, गटचर्चा, पुन्हा जेवण. गटात पहिले चार दिवस मी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी एक गूळव्यापारी उठला आणि म्हणाला, बायको चहातनं गुपचूप पावडर देत होती, जाहिरातीतली. एकदा प्यालो आणि छातीत असं धडधडलं की मरतोय वाटलं. डॉक्टर चिडले. तसल्या पावडरीत डायसल्फिरम असू शकतं. त्यावर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या मर्जीनंच द्यायचं. माझे लिव्हरचे आकडे चढलेले होते, म्हणून मला दुसरं दिलं, अकॅम्प्रोसेट. दिवसातनं तीन वेळा दोन-दोन गोळ्या. घशाखाली सहा गोळ्या म्हणजे वैतागच, पण तलफ खरंच बोथट होते.

मॅडम जे शिकवत त्याला विवेकनिष्ठ उपचार म्हणतात. अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमाराला त्याची मांडणी केली. घटना, तिच्याबद्दलचा आपला विचार, आणि मग होणारा त्रास, असे तीन रकाने. माझा पहिला कागद असा होता: घटना, मालक सगळ्यांसमोर बोलले. त्रास, क्वार्टर. मधला रकाना मी मोकळाच सोडला होता. मॅडम म्हणाल्या, "इथंच तर सगळा माल आहे." त्या रकान्यात 'मला कुणी कमी लेखूच नये' हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. कुणी बोललं तर वाईट वाटणार, ते चालतं. पण कुणी बोलूच नये हा माझा हट्ट होता, आणि त्या हट्टाचं बिल मी रोज बारमध्ये भरत होतो.

उदासीचं औषध डॉक्टरांनी लगेच दिलं नाही. दारूनंच आलेली उदासी बऱ्याचदा दोन-चार आठवड्यांत आपोआप उतरते, थांबून बघू म्हणाले. माझी उतरली नाही. तिसऱ्या आठवड्यातही सकाळी उठावंसं वाटेना. त्यांनी सरळ विचारलं, "आपण नसतो तर बरं झालं असतं, असं येतं का मनात?" असं थेट मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि रडलो, चांगला अर्धा तास. मग गोळी सुरू झाली, आणि डायरीच्या पहिल्या पानावर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांनी स्वतः लिहून दिला. रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर विम्यानं हात वर केले. मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा द्यावा असं कायदा सांगतो, पण दारूवरचे उपचार माझ्या पॉलिसीत वगळलेल्या यादीत होते. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. अजून दोन हप्ते आहेत.

सगळ्यात अवघड दिवस कुटुंबाच्या बैठकीचा. बायको पिशवीतनं कॅलेंडरची पानं घेऊन आली, मागच्या अकरा महिन्यांची. आमच्याकडं दूध आलं नाही की तारखेच्या चौकोनात ती 'खा' लिहिते, महिनाअखेर गवळ्याचा हिशोब करताना खाडे वजा करायला. त्याच चौकोनांत कोपऱ्यात हिरव्या शाईनं बारीक 'खा' आणखी कुठं-कुठं होता. मॅडमनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "ह्यांनी ज्या दिवशी घेतली नाही, तो खाडा."

अकरा महिन्यांत हिरवे खाडे दोन. एक आईच्या वर्षश्राद्धाचा, एक लेकीच्या दहावीच्या निकालाचा.

मी उठून बाहेर गेलो, नळाखाली डोकं धरलं आणि परत येऊन बसलो. माझ्यापेक्षा नेमकं इन्स्पेक्शन आमच्या स्वयंपाकघरात चाललं होतं, आणि रिपोर्ट कुणी मागत नव्हतं म्हणून ती देत नव्हती.

घरी आलो त्याला आता दहा महिने होतील. संध्याकाळी साडेसहा ते आठ हा माझा वाईट वेळ. तलफ वीस मिनिटं, फार तर अर्धा तास जोर करते, तेवढा वेळ दुसरीकडं काढायचा, असं शिकवलंय. मी सुट्टी झाली की उद्यमनगरातनं थेट गंगावेशीला जातो, दूधकट्ट्यावर. समोर म्हशीची धार काढून फेसाळ पेला हातात देतात. पहिल्या दिवशी ओळखीचा एक जण म्हणाला, "काय भावा, बाळंतीण झालास का?" म्हटलं, व्हय, मुलगा झालाय. आता तोच माझ्यासाठी जागा धरतो.

मार्चमध्ये घसरलो. शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेच्या संघाची मॅच होती, टायब्रेकरवर जिंकलो. गुलाल, हलगी, तालमीची सगळी पोरं. कुणीतरी बियर हातात दिली आणि मी ती संपवली. एकच. दुसरी उघडली तेव्हा बाटली खाली ठेवली आणि चालत घरी आलो, गुलालासकट. बायकोनं दार उघडलं. वास आलाच असणार. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याजवळ पाठमोरी उभी राहिली.

मी अंगणातनंच मॅडमना फोन लावला. पलीकडनं त्या शांतपणे म्हणाल्या, "किती?"

"एक बाटली. साडेसहाशे मिली, स्ट्राँग, आठ टक्क्यांची. दुसरीचे दोन घोट."

"जेवलाय का?"

"नाही."

"आधी जेवा. उद्या साडेदहाला या, ताईंना घेऊन."

आत गेलो तर बायको कॅलेंडरसमोर उभी होती, हिरवं पेन हातात. त्या चौकोनात काही लिहायचं नव्हतं, तरी टोपण काढलेलं. मला म्हणाली, "ऐकलं मी. दोन घोटांचंपण सांगितलंत." मग पेनाला टोपण लावलं आणि भाकरी तव्यावर टाकली.