डागाची गोष्ट : आमची वाटचाल

आमच्या धंद्यात डाग म्हणजे दागिना. खड्यात मात्र डाग म्हटलं की गिऱ्हाईक हात आखडतं.

जळगावच्या सराफ बाजारात नानांची, म्हणजे वडिलांची, छोटी पेढी. सोन्यात त्यांना कोणी फसवू शकलं नाही. कसोटीवर एक रेघ ओढली की कस सांगायचे. फसले ते खड्यांत. एका फिरत्या व्यापाऱ्याकडून नीलमची पुडी घेतली. अकरा खडे, एकजात निळेशार, आत कचरा म्हणून नाही. त्यातला एक पारोळ्याच्या गिऱ्हाइकाच्या अंगठीत बसवला. त्याने तो मुंबईत तपासला, तर निघाला कारखान्यातला. नानांनी पैसे परत केले, उरलेले दहा खडे डबीत ठेवले आणि मला रत्नपरीक्षा शिकायला धाडलं.

परत आल्यावर आधी तीच डबी उघडली. काचेच्या वाटीत पाणी, खाली पांढरा कागद, त्याखाली दिवा. खडा बुडवून फिरवला, तर रंगाचे पट्टे वाकलेले, जुन्या तबकडीवरच्या रेघांसारखे. फ्रान्सच्या व्हर्नूई या रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केलेली खडे बनवायची ही रीत : ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पूड ज्योतीतून वितळत पडते आणि गोल माथ्यावर थर चढत जातात, म्हणून रेघ वाकते. कधी हवेचा बुडबुडाही अडकतो. जमिनीत वाढलेल्या नीलमचे पट्टे सरळ, कोनात वळलेले. आत रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया ६० अंशांत एकमेकींना छेदतात, त्याला रेशीम म्हणतात. दहापट भिंगाखाली ते दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो.

खडा फार तापवला तर रेशीम विरतं, हेही खरं. आणि फ्लक्समध्ये, म्हणजे मुशीतल्या वितळलेल्या क्षारांत, वाढवलेलं माणिक तर महाबिलंदर : आत विरविरीत पडदे, अगदी अस्सल वाटावेत असे. मुशीतली प्लॅटिनमची चकचकीत कपची सापडली तर प्रश्न मिटला, नाहीतर मी सरळ प्रयोगशाळेत पाठवतो. उगाच छातीठोक बोलत नाही.

परवा अमळनेरचे एक आप्पा आले. अस्सल नीलम दाखवला तर म्हणाले, "भाऊ, यामा डाग शे!" मी सूक्ष्मदर्शकात रेशीम दाखवलं, शेजारी डबीतला खडा ठेवून वाकड्या रेघाही दाखवल्या. आप्पांनी बराच वेळ डोळा लावला. मग डबीतल्या खड्यावर बोट ठेवलं.

"हाऊ कितलाले?"