मिरजेची जवारी आणि सांगलीचा पिवळा

‘नाद’ या दोन अक्षरांवर मी पुण्यात बसून तीन आठवडे घालवले होते. सांगलीतील काही मंडळी एका जुन्या वाड्यात गाण्याची बैठक भरवणार होती आणि तिच्या निमंत्रणपत्रिकेसाठी व भित्तिपत्रकासाठी ही अक्षरे मला रेखायची होती. ग्राफिक डिझायनर अशा वेळी जे करतो तेच मी केले. पिंटरेस्टवर नवा बोर्ड उघडला, बिहान्स या डिझायनरांच्या संकेतस्थळावर संगीत महोत्सवांची भित्तिपत्रके धुंडाळली आणि चार दिवसांत दोनशेहून अधिक चित्रे जमवली. त्यांत तंबोऱ्याच्या छायाकृती होत्या, कमळे होती, वर्तुळाकार नक्षी होती. पिंटरेस्टवर एक चित्र जपून ठेवले की त्याच्यासारखी आणखी कितीतरी चित्रे पुढे येतात, त्यामुळे माझा बोर्ड जसा भरत गेला तसा तो एकसुरी होत गेला, आणि अखेरीस माझे रेखाटन त्या दोनशे चित्रांत मिसळून टाकले असते तर मलाच ते वेगळे काढता आले नसते.

आंतरजालाने मला काहीच दिले नाही, असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. इंटरनेट आर्काइव्हवरील जुन्या मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे पाहण्यात मी अनेक रात्री घालवल्या आहेत. एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक गूगल फॉन्ट्सवरून विनामूल्य उतरवून घेऊन, त्यांतील एकेक अक्षर मोठे करून, गोलाई दंडाला मिळते तेथे रेषा किती बारीक केली आहे हे मी त्यांच्यावरूनच शिकलो. तरीही माझा ‘द’ निर्जीव होता. वाड्यातील मंडळींनी फोनवर ‘एकदा येऊनच जावा’ असा आग्रह धरला आणि मी एसटीने सांगली गाठली.

पहिला दिवस गणपती मंदिर आणि कृष्णेचा घाट पाहण्यात गेला. ज्या लॉजमध्ये उतरलो तेथे लिहायला टेबल नव्हते आणि जिन्यातील टीव्ही रात्री एकपर्यंत चालू होता. उशीवर वही ठेवून रेखाटन करणे मला जमत नाही, त्यामुळे त्या रात्रीचा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला गेलो. सांगली आणि मिरज यांची महानगरपालिका एकच असली, तरी सतारमेकरांच्या गल्लीत शिरल्यावर आपण निराळ्याच गावात आल्यासारखे वाटते. छताला आणि भिंतींना वाळलेले मोठाले भोपळे टांगलेले होते. हे भोपळे मुख्यतः पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या भागातून येतात. या गल्लीतील परंपरा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झाली आणि त्यांचे घराणे मूळचे शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांचे, हे मी वाचलेले होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हेही ठाऊक होते. एवढी माहिती खिशात घेऊन मी एका दुकानात गेलो, परवानगी विचारली आणि पहिल्या दहा मिनिटांत भोपळ्यावरील पानांच्या नक्षीची चाळीसएक छायाचित्रे काढली.

तेथील वयस्कर कारागिरांना सगळे चाचा म्हणत होते. ते एका तंबोऱ्याची जवारी लावत, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा घासून आवाज जुळवत, बसले होते. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा किंचित उतरता असतो, आणि तार त्या उतारावर अगदी अलगद टेकते, म्हणून तंबोऱ्याचा तो भरलेला, झंकारणारा आवाज निघतो. वाजवून वाजवून तारा घोडीत बारीक खाचा पाडतात आणि मग आवाज बंद पडू लागतो. चाचांनी घोडी माझ्यासमोर धरली.

‘‘ही खाच दिसली? ही काढायची, पण माथा सपाट करायचा न्हाई. सपाट झाला की आवाज मेला.’’

त्यांनी कानस दोनदा फिरवली, तार चढवली, छेडली आणि मला विचारले, ‘‘फरक कळला?’’

मी ‘हो’ म्हणालो.

त्यांनी तार पुन्हा उतरवली, काच पेपरने एका कडेला जेमतेम स्पर्श केला, पुन्हा छेडली. ‘‘आता?’’

मी पुन्हा ‘हो’ म्हणालो. खरे सांगायचे तर दोन्ही वेळा मला काहीही कळले नव्हते. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले तेव्हा मात्र खोटे बोलवेना आणि मी ते कबूल केले. चाचा रागावले नाहीत. त्यांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘मग हो कशाला म्हणालासा? कळलं न्हाई म्हटलं की परत वाजवतो की. आपल्याला काय घाई हाय?’’

या वाक्याने मी जितका खजील झालो तितका कोणत्याही ग्राहकाच्या टीकेने झालो नव्हतो. पुण्यात ती दोनशे चित्रे मी अशीच ‘हो’ म्हणत गोळा केली होती. त्यांतील एकाही भित्तिपत्रकात अक्षरे का उभी राहिली आहेत, रंग कोठे थांबवला आहे, हे मी स्वतःला विचारले नव्हते. चित्र जपून ठेवले म्हणजे ते पाहिले, अशी माझी समजूत झाली होती, आणि त्या दिवशी सकाळी चाळीस छायाचित्रे काढून मी तेच पुन्हा केले होते.

त्यानंतर मी सुमारे अडीच तास तेथे बसलो. मुलाने चहा आणला, पुन्हा एकदा आणला, आणि त्याचे पैसे देऊ केले तर घरातील माणसाला वाटावे तसे चाचांना वाईट वाटले. त्यांनी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा घातला आणि तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवत राहिले. आठव्या की नवव्या वेळी मला तो क्षण ऐकू आला: धागा एका जागी येताच तार एकदम मोकळी झाली आणि एका स्वराच्या आत आणखी स्वर लागलेले स्पष्ट जाणवले. मी काही बोलण्याच्या आत चाचा माझ्याकडे पाहून हसले. त्यांनी विचारले नाही आणि मीही ‘हो’ म्हणालो नाही.

माझ्या ‘द’मध्ये काय बिघडले होते ते मला तेथेच कळले. संगणकावर मी त्याची वाटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी केली होती, रेषेची जाडी सर्वत्र एकच ठेवली होती, आणि बोरूने लिहिताना जे चढउतार आपोआप येतात ते दोष समजून काढून टाकले होते. चाचांच्या शब्दांत सांगायचे, तर मी माथा सपाट केला होता. दुकानाच्या पायरीवर बसून मी वहीत चोवीस ‘द’ काढले. त्यांतील एकोणिसावा बरा होता.

दुपारी मीरासाहेबांच्या दर्ग्यात, १९३७ मध्ये निवर्तलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या कबरीजवळ थोडा वेळ बसलो. तेथे मी फोन बाहेर काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहायला गेलो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले आहे आणि हरिपूरला ती साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे प्रसिद्ध आहेत, पण मला ओढ होती ती रंगाची. भित्तिपत्रकासाठी मी पडद्यावरचा एक झगझगीत पिवळा निवडला होता. प्रत्यक्षात ढिगातील हळकुंडे वरून मातकट दिसत होती. एका व्यापाऱ्याने सवयीने एक हळकुंड मोडले, आतला भाग पाहिला आणि तुकडे टाकून दिले. तो आतला रंग पिवळ्यापेक्षा केशरीकडे झुकलेला, दाट आणि थोडा ओलसर वाटणारा होता. त्यांना विचारून मी एक तुकडा रुमालात बांधून घेतला. पोत्यांवर साच्यातून उमटवलेल्या अक्षरांतही बराच वेळ अडकलो, कारण साचा तुटू नये म्हणून शिरोरेषा जागोजागी सोडलेली होती आणि तरीही प्रत्येक नाव दुरून वाचता येत होते.

परतताना सातारा जिल्ह्यातील औंधला उतरून तेथील संस्थानिक पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले चित्रांचे संग्रहालय पाहिले. इतक्या चित्रांना एक दुपार देणे हा त्यांच्यावरील अन्याय आहे आणि मी तो केला.

पुण्यात आल्यावर तो एकोणिसावा ‘द’ वहीतून उचलला आणि त्याच्या चढउतारांना हात न लावता रेखला. तंबोरा, कमळ, नक्षी सगळे काढून टाकले. छापखान्यात पहिला नमुना आला तेव्हा पिवळा पुन्हा लिंबासारखा होता आणि यंत्रावरील माणूस म्हणाला की पडद्यावर असाच दिसतो आहे. मी रुमाल सोडून हळकुंडाचा तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उजेडात नेला, बराच वेळ पाहिला, पिवळ्यात थोडी किरमिजी शाई वाढवली आणि दुसरा नमुना काढून मला विचारले, ‘‘जमला?’’

‘‘अजून नाही,’’ मी म्हणालो.

त्याने शाईचा डबा पुन्हा उघडला.