पाच टक्क्यांत तीन बिऱ्हाडांचं घर, आणि त्याची अट

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरमध्ये आम्ही थ्री-डेकर, म्हणजे मजल्यागणिक एक बिऱ्हाड असलेलं तीन मजली घर, घेतलं हे कळल्यापासून मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच विचारणा चालू आहे: किमतीच्या फक्त पाच टक्के भरून? हो. नोव्हेंबर २०२३ पर्यंत फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी कंपनी) नियमाने दोन बिऱ्हाडांना १५ आणि तीन-चार बिऱ्हाडांना २५ टक्के भरावे लागत. आता चारपर्यंत सगळ्यांना पाच, पण त्यातल्या एका बिऱ्हाडात स्वतः राहायचं. पाचवं बिऱ्हाड असलं की ते व्यापारी कर्ज.

लोन ऑफिसरने आधी एफएचए, म्हणजे सरकारी विमा असलेलं गृहकर्ज, सुचवलं होतं. तिथे साडेतीन टक्क्यांत काम होतं. पण २५ मे २०२५ पासून एच-वन-बी व्हिसावाल्यांना ते दार बंद झालंय. ग्रीन कार्डवाल्यांनीही हुरळून जाऊ नये, कारण तीन-चार बिऱ्हाडांच्या घराला तिथे वेगळी परीक्षा असते: घराने आपला खर्च आपणच भागवायचा. मूल्यांकन करणारा सगळ्या मजल्यांचं भाडं धरतो, आपण राहणार तोसुद्धा, आणि त्यातला किमान चौथा हिस्सा वजा करतो. उरलेल्यात हप्ता, कर, विमा सगळं बसायला हवं. आमचा मजला साधारण २,००० डॉलरचा. तिन्हींचे ६,०००, वजा जाता ४,५००. एफएचएने महिन्याचा खर्च ४,८०० च्या वर जात होता. म्हणजे नापास, मग पगार कितीही असो. दोन बिऱ्हाडांच्या घराला ही परीक्षाच नाही, हे शोधाशोध सुरू करण्याआधी लक्षात ठेवा.

फॅनी मेच्या हिशेबात भाड्याने जाणारे दोनच मजले आले. ४,००० चे ७५ टक्के, म्हणजे ३,००० डॉलर आमच्या उत्पन्नात धरले आणि गणित जमलं. सासरे पुण्याहून पैसे पाठवायला तयार होते, पण वीस टक्क्यांपेक्षा कमी भरताना पहिले पाच टक्के आपल्याच खात्यातले लागतात. भेट म्हणून मिळालेले पैसे त्यानंतर.

आता अट. साठ दिवसांत राहायला जायचं आणि किमान वर्षभर राहायचं. एका दादांनी विचारलं, ‘पत्ता तिथला द्यायचा आणि राहायचं शेजारच्या श्रूजबरीतच, चालेल ना?’ नाही चालणार, दादा. व्याजाचा दर कमी मिळतो तो तुम्ही तिथे झोपणार म्हणूनच. तिथे राहणार असं लिहून देण्याच्या कागदावर जाणूनबुजून खोटी सही हा फेडरल गुन्हा आहे, आणि आपण व्हिसावर आहोत!

सदाशिव पेठेतल्या वाड्यात मालक-भाडेकरू एका जिन्यावर नांदत, तसंच हे. वरच्यांच्या चपला वाजतात, आमच्या फोडणीचा खकाणा त्यांच्या नाकात जातो. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी सरळ २५ टक्के साठवून गुंतवणुकीचं कर्ज काढावं. त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट मात्र बँक विचारत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाच्या रंगाचा धोका मालकानेच दूर करायचा. मूल तुमचं असो की भाडेकरूचं. आणि मूल आहे म्हणून भाडेकरूला नाही म्हणता येत नाही. आमचा लेक चार वर्षांचा आणि घर शंभरी ओलांडलेलं. खरेदीदाराला शिशाच्या तपासणीसाठी दहा दिवस मिळतात. आम्ही ते घेतले, मधल्या मजल्याच्या खिडक्यांवर शिशाचा रंग सापडला, आणि त्या बदलण्याचा खर्च विकणाऱ्याने किमतीतून कमी केला.