एकच भ्रूण सोडले, मग बाळे दोन कशी?

परळच्या ज्या वंध्यत्व उपचार केंद्रात मी एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूणे वाढवणारी व जपणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते, तेथे प्रयोगशाळेतील माणसावर रुग्णांसमोर बसण्याची वेळ क्वचितच येते. त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी मला फाइल घेऊन खाली बोलावले. समोर लालबागचे एक जोडपे आणि नवऱ्याची आई बसली होती. गोठवून ठेवलेल्यांपैकी एकच भ्रूण आम्ही गर्भाशयात सोडले होते आणि सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत एकाच सॅकमध्ये, म्हणजे गर्भपिशवीत, हृदयाचे दोन ठोके दिसले होते.

"मॅडम, एकच सोडा म्हणून आम्ही लिहून दिलं होतं. मग दोन कशी?" नवऱ्याच्या आवाजात रागापेक्षा भीती अधिक होती. पत्नीला रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे जुळ्यांची जोखीम नको, असे ठरवूनच त्यांनी संमतिपत्रावर सही केली होती. आपल्याला न विचारता दुसरे भ्रूण सोडले, किंवा दुसऱ्याच कोणाचे मिसळले, ही शंका त्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते, आणि "असं होतं कधी कधी" एवढ्यावर त्यांची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटले.

मी आधी नोंदी दाखवल्या: भ्रूण ज्या बारीक नळीत गोठवतात त्या स्ट्रॉचा क्रमांक, ती द्रवरूप नायट्रोजनमधून बाहेर काढल्याची वेळ, प्रत्येक टप्प्यावर साक्षीदार म्हणून सहकाऱ्याने केलेली सही. मग ट्रान्सफरपूर्वी काढलेला फोटो त्यांच्यासमोर ठेवला. पाचव्या दिवसाचे ते ब्लास्टोसिस्ट, म्हणजे त्या टप्प्यापर्यंत वाढलेले भ्रूण, होते. कडेने पेशींचे पातळ अस्तर आणि आत एका बाजूला पेशींचा दाट पुंजका. त्या पुंजक्यावर पेन्सिलीचे टोक ठेवून मी सांगितले की बाळ यातून घडते आणि वार मुख्यतः बाहेरच्या अस्तरातून. हा पुंजकाच दुभंगला, तर वार एक राहते आणि बाळे दोन होतात. दोन भ्रूणे सोडली असती आणि दोन्ही रुजली असती, तर जवळजवळ नेहमीच दोन निराळ्या सॅक दिसतात.

"पण आमच्या घराण्यात जुळी नाहीत, हिच्या माहेरीही नाहीत," सासूबाई म्हणाल्या. घराण्याचा संबंध येतो तो बहुधा दोन बीजांपासून होणाऱ्या जुळ्यांशी. एकाच भ्रूणाचे दोन होणे सहसा आनुवंशिक नसते, हे त्यांना प्रथमच कळत होते.

नैसर्गिक गर्भधारणेत अशी एकसारखी जुळी हजारात साधारण चार वेळा होतात. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर फलित केलेले भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, एकच भ्रूण सोडल्यावरही हे प्रमाण शंभरात एक ते दोनच्या आसपास जाते. भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढवून सोडल्यास ते तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणापेक्षा अधिक असते, असे बहुतेक अभ्यासांत आढळले आहे. प्रयोगशाळेतील वाढीव काळ, भ्रूणाच्या कवचाला दिलेले छिद्र अशा कारणांचा संशय घेतला जातो. नेमके कारण मात्र अजून सिद्ध झालेले नाही. म्हणून दोन भ्रूणे सोडावीत असे मुळीच नाही, कारण त्यात जुळ्यांची शक्यता कितीतरी पटींनी वाढते आणि त्यांपैकी एक दुभंगले तर तिळी होतात. एक भ्रूण सोडणे हाच सुरक्षित मार्ग आहे. पण "एक भ्रूण म्हणजे एकच बाळ" ही हमी कोणी देऊ नये, आणि ही शक्यता सही घेण्यापूर्वी तोंडी, सावकाश सांगितली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. छापील कागदावरची ती ओळ त्या दोघांनीही वाचलेली नव्हती.

पुढची गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, आणि ती अधिक गंभीर होती. वार सामाईक असली की तिच्यातील रक्तवाहिन्यांमधून एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक जाऊ शकते. अशा जुळ्यांपैकी सुमारे 10 ते 15 टक्क्यांत हा दोष उद्भवतो आणि वेळेत लक्षात आला तर गर्भातच लेझरने उपचार करता येतात. त्यासाठी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, शिवाय रक्तदाबावर वेगळे लक्ष ठेवायचे. त्याआधी, बाराव्या आठवड्याच्या सुमारास, दोन बाळांमध्ये पडदा आहे ना आणि तो वारेला कसा जोडला आहे, हे पाहायचे होते.

इतका वेळ गप्प असलेल्या पत्नीने तेव्हा विचारले, "दोघं एकमेकांसारखीच होतील?" लिंग सांगण्यास कायद्याने बंदी आहे, पण जे असेल ते दोघांचे एकच असेल, असे मी म्हटल्यावर ती प्रथमच हसली. सासूबाईंनी पिशवीतून डायरी काढली आणि डॉक्टरांकडून सोनोग्राफीच्या तारखा एकेक करून उतरवून घेतल्या.