जर्मनीत फी नाही, पण पहिल्या वर्षाचे पैसे लागतात

"जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना, मग कर्ज कशाला काढलंस?" गावाकडून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मी डॉर्टमुंडला मास्टर्स करतेय. इथे शिकवणी फी नाही हे खरंच आहे. दर सेमिस्टरला 300 युरोंच्या आसपास भरले की त्यातच जर्मनीभरच्या लोकल गाड्यांचा पासही मिळतो. पण सगळीकडे असं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्यांना फी लावली आहे, मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 युरो.

फी नसली तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं. त्यात 11,904 युरो आधी भरून दाखवायचे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी बारा लाख होतात. पैसे आपलेच असतात, इथे आल्यावर दरमहा 992 युरो सुटतात, पण निघण्याआधी ते उभे करावेच लागतात. शिवाय आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे 18,000 रुपये, विमानाचं तिकीट, खोलीचं डिपॉझिट. म्हणून "तिकडे जाऊन कमवीन आणि भागवीन" या भरवशावर कुणी निघू नये, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे हे पैसे कर्जातून आले. बाबा बँकेत सातबारा घेऊन गेले, तर शेतजमीन तारण चालत नाही असं सांगून साहेबांनी तो परत केला. बहुतेक बँकांचं हेच धोरण आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात तारण म्हणून दुसरं असतं तरी काय? शेवटी मामा पुढे आला आणि तालुक्याच्या गावचा त्याचा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट तारण ठेवला. मग वकिलाचा टायटल सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, जुन्या खरेदीखताची नक्कल. त्या नक्कलेसाठी बाबांनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात इतक्या खेपा घातल्या, की माझा प्रवेश हातचा जातो की काय अशी भीती वाटायला लागली होती. कागदपत्रांची जुळवाजुळव प्रवेशाची वाट न बघता सुरू करा. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, तेव्हा उरलेली रक्कम घरातून उभी राहत असेल तर तारणाच्या भानगडीत पडूच नका. आणि हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होत असला, तरी व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढत असतं. निदान तेवढं तरी दर महिन्याला भरत राहिलं की पुढचा हप्ता आवाक्यात राहतो.

इथे काम मिळतं. मार्च 2024 पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, आणि विद्यापीठातली सहायकाची कामं, ज्याला सगळे 'हीवी' म्हणतात, या मर्यादेत धरत नाहीत. 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो झालं आहे. पण पहिल्या सेमिस्टरला बेकरीतसुद्धा जर्मन लागते. रविवारी सकाळी दारापर्यंत रांग असते, आजीबाई काचेतल्या पावांकडे बोट दाखवून भराभर काहीतरी सांगतात आणि मागचे लोक खोळंबतात. बी-वन पातळीची, म्हणजे रोजचं बोलणं निभेल एवढी, जर्मन घरूनच शिकून या. त्या क्लासची फी सगळ्यात लवकर वसूल होते. सध्या मी आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये हीवी आहे. माझा महिन्याचा खर्च साधारण असा: वसतिगृहाची खोली 350 युरो, आरोग्य विमा दीडशेच्या घरात, जेवणखाण दोनशे. हीवीच्या पगारातून यातला काही भार निघतो, सगळा नाही.

कर्जाआधी शिष्यवृत्त्या बघा, हे तर मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फी, निर्वाह भत्ता आणि विमानप्रवास सगळं येतं. इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. मात्र विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि जर्मनीतली बरीच चांगली विद्यापीठं तीत बसत नाहीत. म्हणून विद्यापीठ निवडण्याआधीच जाहिरात नीट वाचा. 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटही आहे, ती कर्जरूपाने मदत करते.

इथे आल्यावर डॉइचलांडस्टिपेंडियुमसाठी, म्हणजे 'जर्मनी शिष्यवृत्ती'साठी, अर्ज कराच. महिन्याला 300 युरो, निम्मे केंद्र सरकारचे, निम्मे खासगी देणगीदाराचे. नाव ऐकून आपली मुलं समजतात की ती जर्मन मुलांसाठीच असणार, आणि अर्जच करत नाहीत. तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही, घरच्या उत्पन्नाचीही नाही. गुणांबरोबर सामाजिक काम आणि घरची परिस्थितीही बघतात. अर्ज आपल्या विद्यापीठाकडेच करायचा, आणि तारखा प्रत्येक ठिकाणच्या वेगळ्या. माझ्या वर्गातल्या नांदेडच्या एका मुलाने एनएसएसचं प्रमाणपत्र जोडून अर्ज केला आणि त्याला ती मिळाली. आता त्याच्या कर्जाचं व्याज त्यातूनच जातं, घरून एक रुपया मागावा लागत नाही.