रुसका माग

दुपारी पोटभर जेवून पंख्याखाली आडवं व्हायच्या वेळेला, यंत्राला मन फुटतं का, असले विषय लावून बसू नये. पण भाचा ऐकेना. "मामा, वेस्टवर्ल्ड बघ की. आधी बघ, मग बोल." पहिला सीझन अधाशासारखा बघितला. दुसऱ्यात डुलक्या लागल्या. तिसऱ्यात मी घोरत होतो असं बायको म्हणते. तिच्या साक्षीचं सोडा, पण रिमोट तिच्या हातात गेला होता एवढं खरं.

गोष्ट तशी झकास. श्रीमंतांच्या करमणुकीसाठी उभारलेलं जुन्या अमेरिकेचं खोटं गाव, आणि तिथली माणसं म्हणजे हुबेहूब यंत्रं. पाहुण्यांनी त्यांना वाटेल तसं छळावं, मारावं. रात्री त्यांच्या आठवणी पुसायच्या, सकाळी ती पुन्हा हसतमुख उभी. २०१६ मध्ये ही मालिका आली. तिथल्या गुत्त्यात एक पियानो आहे, त्याला वाजवणारा लागत नाही. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते आणि पट्ट्या आपापल्या खाली-वर होतात. सुरुवातीला नावं पडतात तेव्हाही दोन सांगाड्याचे हात वाजवता वाजवता बाजूला होतात, पियानो चालूच. ते बघून मी उठून बसलो. हे तर आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात, पुढच्या खोलीत होतं.

पियानो नव्हे, माग. त्याच्या डोक्यावर जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे एकात एक ओवून टांगलेले. भोक असलं की सुई आत जायची आणि ताण्यातला दोरा उचलला जायचा, नसलं की नाही. एवढ्या हो-नाहीतून पदरावर कोयरी उतरायची. फ्रान्समध्ये लिआँच्या जाकारनं, म्हणजे आपल्याकडच्या बोलीतल्या जॅकार्डनंच, हे १८०४ च्या सुमाराला बसवलं, इंग्रज गणिती बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी तेच पुठ्ठे उचलले, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं लिहून ठेवलं, की माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल, पण स्वतःच्या डोक्यानं नवं काही काढायचा त्याचा दावा नाही.

बाई हुशार. फक्त त्यांची आमच्या जॉबरमामांशी, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मामांशी, गाठ पडली नव्हती.

जॉबरमामा माणसांशी मराठीत बोलायचे आणि मागांशी कानडीत. का, ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडं असले प्रश्न पडत नाहीत. माग अडला की पान्हा काढायच्या आधी ते चौकटीवर हात ठेवायचे, "याकप्पा, एनातु?" म्हणजे, का रे बाबा, काय झालं? मग उत्तर येईपर्यंत थांबायचे. मग दोन शिव्या, त्या मात्र मराठीत. दाराजवळचा माग रुसका होता. उन्हाळ्यात दोरे तोडायचा, मनात आलं की धोटा बाहेर फेकायचा, आणि पाहुणे आले की हटकून बंद. खंडेनवमीला सगळ्यांत जाड हार त्यालाच. मुकाट्यानं चालणाऱ्याला दोन झेंडू.

मालिकेवर माझा राग आहे तो इथं. यंत्रं जागी होतात, पण रुसत कुणीच नाही. जाग आली की बंदूक. अहो, मन आलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? कामाला दांडी मारतो. आज अंगात कसकस आहे म्हणतो. मालिकेची नायिका डोलोरेस, तीही यंत्रच. तिनं एक दिवस नुसतं, मी आज पाणी भरणार नाही जा, म्हटलं असतं तर मी चौथ्या सीझनपर्यंत गेलो असतो.

तिला डोक्यात एक आवाज ऐकू येतो ते मात्र मस्त जमलंय. तिला वाटतं घडवणारा बोलतोय, आणि शेवटी कळतं तो आवाज आपलाच. ज्युलियन जेन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये मांडलं होतं, की तीनेक हजार वर्षांपूर्वीपर्यंत माणसं आपल्याच मनाच्या आज्ञा देवाचा आवाज म्हणून ऐकत. त्याचं पुष्कळांना पटलेलं नाही. मला एकदम गल्लीतल्या काकू आठवल्या. मंगळवारी त्यांच्या अंगात यल्लम्मा यायची. एरवी सासूसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या काकू तेव्हा सासूला एकेरीत, कानडीतून, सगळं ऐकवायच्या. सासू हात जोडून बसायची. आवाज कुणाचा ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक असावं.

पहिल्याच भागात आणखी एक गोष्ट आहे. यंत्रांचा निर्माता फोर्ड, म्हणजे अँथनी हॉपकिन्स, त्यांच्यात एक बारीक बदल करतो. पुसलेल्या आठवणीतून एखादी हालचाल आपसूक वर यावी. कुणी ओठावरून बोट फिरवावं, एवढंच. पुढचा सगळा गोंधळ तिथून.

माझी आत्या शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हती. जन्मभर तिनं कांड्या भरल्या आणि तुटलेले दोरे सांधले. पडल्या पडल्या तिचा अंगठा आणि तर्जनी चालू असायची. दोरा धरायचा, वळवायचा, पीळ द्यायचा, ओढायचा. दोरा नसायचाच. मध्येच ती बोटं डोळ्यांजवळ नेऊन बघायची, तोंड वाकडं करायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. गाठ कच्ची बसली असणार. हात सवयीनं चालतात हे मी समजू शकतो. ते तोंड वाकडं करणं कुठून यायचं?

मालिकेच्या हातात हे सगळं होतं. तिनं गोळीबार घेतला. दुसऱ्या सीझनमध्ये आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. तिसऱ्यात सगळे शहरात, आणि एक अगडबंब यंत्र प्रत्येकाचं भविष्य ठरवतंय. हा तिसरा आला मार्च २०२० मध्ये. त्याच महिन्यात टाळेबंदी लागली, वडगाव-खासबागचे माग थांबले, आणि आमच्या लोकांचं भविष्य सांगायला कुठलं यंत्र लागलं नाही. तयार साड्या घरात पडून, सूत घ्यायला पैसा नाही. गल्लीतले कितीतरी माग भंगारात वजनावर गेले.

आमचाही निघाला. भाव करायला जॉबरमामांना बोलावलं तर ते आले, रुसक्या मागाकडं बघितलं, आणि मला बाहेर घेऊन गेले. याच्यासमोर पैशाचं बोलू नका म्हणाले. मग भाव कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर ठरला. चांगला नाही ठरला.